डांबरी पत्रा की धातूचा? गोव्यात छप्पर बदलण्याआधी

दुकानात पत्र्याचा दर सांगतात तो चौरस फुटाला. छप्पर मात्र पत्रा, त्याखालचे आडवे आधार (लाकडी रीप किंवा लोखंडी परलिन), खिळे-स्क्रू, रिज म्हणजे आढ्यावरचं झाकण, वळचणीची पाण्याची पन्हळ आणि मजुरी या सगळ्यांचं मिळून होतं. डांबरी आणि धातूच्या पत्र्यातला खरा फरक नेमका त्या न सांगितलेल्या भागात असतो. त्यामुळे ‘कुठला पत्रा चांगला’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. उतार किती, खाली काय आहे, समुद्र किती दूर आणि छपराखाली काय चालणार, एवढं आधी कळलं की निम्मा निर्णय तिथेच होतो.

आधी दोघांची ओळख करून घेऊ.

डांबरी पत्रा म्हणजे कागदाच्या लगद्यासारख्या सेल्युलोज तंतूंचा पन्हळी तक्ता. तो गरम डांबरात मुरवलेला असतो आणि वरून रंग दिलेला असतो. बाजारात त्याला बिटुमेन शीट म्हणतात, बरेच जण सरळ ‘ओंडुलिन’ म्हणतात. ते मूळच्या फ्रेंच कंपनीचं नाव आता वस्तूलाच चिकटलं आहे. नेहमीचा तक्ता २ मीटर लांब, ९५ सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड असतो. त्याला दहा पन्हळी असतात, प्रत्येक सुमारे ३८ मिलिमीटर उंच. वजन साधारण साडेसहा किलो. एक माणूस एका हाताने उचलून शिडी चढतो.

धातूचा पत्रा म्हणजे आज बहुतेक वेळा रंगीत गॅल्व्हल्यूम. पातळ पोलाद, त्यावर ॲल्युमिनियम-जस्ताचा थर (५५ टक्के ॲल्युमिनियम, बाकी बहुतेक जस्त आणि थोडं सिलिकॉन), त्यावर प्रायमर आणि रंग. जुन्या जीआय पत्र्यावर नुसतं जस्त असायचं. तिसरा प्रकार ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. तो महाग पडतो, पण किनाऱ्यालगत त्याचा विचार करावाच लागतो. दुकानात शंका आली तर खिशातलं लोहचुंबक लावून बघा: गॅल्व्हल्यूमला चिकटतं, ॲल्युमिनियमला चिकटत नाही.

एका पडवीचा हिशोब

घरापुढची पडवी घेऊ. लांबी ९ मीटर, उताराच्या बाजूने ३.६६ मीटर म्हणजे १२ फूट, आणि उतार १५ अंशांच्या वर.

डांबरी पत्र्याला या उतारावर शेजारच्या पत्र्यावर एक पन्हळ चढवायची असते आणि वरचा पत्रा खालच्यावर १७ सेंटिमीटर घ्यायचा असतो. म्हणजे एका पत्र्याने प्रत्यक्षात झाकलं जातं ते १.८३ गुणिले ०.८५५ मीटर, सुमारे १.५६ चौरस मीटर. विकत घेता १.९ आणि वापरात येतात १.५६. चौरस फुटाच्या दरांची तुलना इथेच फसते. या पडवीला दोन ओळी लागतात. खालच्या ओळीत ११ पत्रे, वरच्या ओळीची सुरुवात अर्ध्या पत्र्याने आणि पुढे १० पूर्ण. एकूण २२ धरा, फुटतुटीला एक जास्त.

आता रीपा. या पत्र्याखाली दर ६१ सेंटिमीटरला आधार हवा. वळचणीपासून वरपर्यंत सात ओळी होतात: ०, ०.६१, १.२२, १.८३, २.४४, ३.०५ आणि ३.६६ मीटरवर. सात गुणिले नऊ म्हणजे ६३ मीटर रीप. चौथी ओळ १.८३ मीटरवर येते, म्हणजे वरच्या-खालच्या पत्र्यांच्या जोडाच्या मध्यावरच. ते मुद्दाम तसं आहे. जोड अधांतरी राहिला तर वारा तिथूनच पत्रा उचलतो.

धातूचा ट्रॅपेझॉइडल, म्हणजे चपट्या माथ्याच्या पन्हळींचा, पत्रा लांबीला हवा तसा कापून मिळतो. त्यामुळे ३.८ मीटरचा एकच तुकडा वळचणीपासून भिंतीपर्यंत जातो आणि मधला जोडच उरत नाही. एक पत्रा साधारण १ मीटर रुंदी झाकतो, म्हणून ९ पत्रे. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला १.२ मीटरवर परलिन पुरते, म्हणजे चार ओळी, ३६ मीटर.

फरक २७ मीटर परलिनचा झाला. नवीन लोखंडी सांगाडा करायचा असेल तर हे २७ मीटर बॉक्स पाइप, त्यांचं वेल्डिंग आणि खाऱ्या हवेत दर दोन-तीन वर्षांनी त्यांना रंग, हा सगळा खर्च डांबरी पत्र्याच्या नावावर मांडायला हवा. बरेच फॅब्रिकेटर तो मांडत नाहीत. ते सवयीप्रमाणे ४ फुटांवर परलिन लावतात आणि वर डांबरी पत्रा ठोकतात. पहिल्या पावसाळ्यात सगळं ठीक दिसतं. एप्रिल-मेच्या उन्हात गडद छपराचं तापमान ६० अंशांच्या वर जातं, डांबर मऊ होतं, पत्रा दोन परलिनांमध्ये झोळीसारखा बसतो आणि गार झाल्यावर तसाच राहतो. पुढच्या जूनमध्ये त्या झोळीत पाणी साचतं. मग गिऱ्हाईक म्हणतं पत्रा खराब, आणि दुकानदार म्हणतो फिटिंग खराब. या भांडणात दुकानदाराचं बरोबर असतं.

वजनाचाही गैरसमज दूर करावा. डांबरी पत्रा ‘हलका’ म्हणून विकला जातो. या पडवीवर २२ डांबरी पत्रे सुमारे १४० किलो होतात आणि अर्धा मिलिमीटरचा पोलादी पत्रा साधारण १५५ ते १६० किलो. फरक नाममात्र आहे. दोन्ही हलके आहेत ते मंगळुरी कौलांच्या तुलनेत. कौलं कोरडी असतानाच चौरस मीटरला ३५ ते ४० किलो भरतात, पावसात भिजून आणखी जड होतात. हा आकडा लक्षात ठेवा, वाऱ्याचं बोलताना पुन्हा लागेल.

उतार

डांबरी पत्र्याचे नियम उताराप्रमाणे बदलतात. १५ अंशांच्या वर वरचा हिशोब चालतो. १० ते १५ अंशांत रीपा ४५ सेंटिमीटरवर आणि वरचा जोड २० सेंटिमीटर. ५ ते १० अंशांत रीपा चालतच नाहीत. खाली सलग फळ्या किंवा प्लाय लागतो, बाजूला दोन पन्हळी चढवाव्या लागतात आणि जोड ३० सेंटिमीटर. ५ अंशांच्या खाली हा पत्रा घालूच नये.

कोनमापक नसेल तर लेव्हल ट्यूब आणि टेप पुरे. एक मीटर आडव्या अंतरात छप्पर ९ सेंटिमीटर खाली आलं तर उतार ५ अंश, साडेसतरा सेंटिमीटर आलं तर १० अंश, २७ सेंटिमीटर आलं तर १५ अंश. जुन्या कौलारू घराचा उतार यापेक्षा बराच जास्त असतो, तिथे प्रश्न येत नाही. अडचण होते ती स्लॅबवर गळती थांबवायला उभारलेल्या छपरांची आणि भिंतीला टेकवलेल्या पडव्यांची. खिडकीच्या वर जागा नाही म्हणून उतार सात-आठ अंशांवर आणून ठेवलेला असतो. अशा जागी एकसंध धातूचा पत्राच घ्यावा. ५ अंशांवरही मधला जोड नसेल तर तो पाणी नेतो. जोड द्यावाच लागला तर २० सेंटिमीटर चढ आणि मध्ये ब्युटिल टेपच्या (चिकट रबरी टेपच्या) दोन पट्ट्या हव्यात. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. सत्तरी-सांगेच्या घाटाकडे त्याहून जास्त. कमी उतारावर हे पाणी वाऱ्याबरोबर पत्र्यांच्या जोडात उलटं चढतं.

लांब पत्र्याची एक साधी अडचणही आहे, ती म्हणजे रस्ता. वाड्यावरच्या गल्लीत, दोन दगडी कुंपणांमधून २० फुटी पत्रा वळत नाही. दोन मीटरचा डांबरी पत्रा छोट्या टेम्पोतून थेट अंगणात येतो. ऑर्डर देण्याआधी शेवटचं वळण मोजून घ्या.

खारं वारं

समुद्राजवळ पोलादी पत्रा कुठून गंजतो ते एकदा नीट बघण्यासारखं आहे. छपरावरची बाजू पावसाळ्याचे चार महिने धुतली जाते, तिथे मीठ टिकत नाही. वळचणीखाली हात घालून पत्र्याची खालची बाजू चाचपा. तिथे पाऊस पोचत नाही, पण लाटांचे बारीक खारे कण पोचतात. रात्रीच्या दमट हवेत ते मीठ ओलं होतं, दिवसा सुकतं, पुन्हा ओलं होतं. कापलेली कड तिथेच उघडी असते. आधी कडेला पांढरी भुकटी येते, मग रंगाखाली फुगवटा, मग तपकिरी रेघ. वरून पत्रा नवाकोरा दिसत असतो आणि खालून दोन बोटं आत सडलेला असतो.

फेसाळत्या लाटांचा किनारा आणि शांत खाडी यांत फरक आहे. मांडवी-जुवारीच्या काठचं पाणीही खारं असतं, पण मिठाचे कण हवेत उडवतात त्या मुख्यतः फुटणाऱ्या लाटा. म्हणून कळंगुट-कोलव्याच्या पट्ट्यात किनाऱ्यापासून पहिल्या अर्ध्या किलोमीटरात साधा गॅल्व्हल्यूम घालू नये. तिथे ॲल्युमिनियम किंवा डांबरी पत्रा घ्यावा. तिथून पुढे काही किलोमीटरांपर्यंत एझेड १५० थर (याचा अर्थ पुढे सांगितला आहे) आणि वर चांगला रंग: निदान सुपर ड्युरेबल पॉलिस्टर, जमलं तर पीव्हीडीएफ हा त्याहून टिकाऊ रंग. फोंडा, डिचोली, वाळपईकडे नेहमीचा एझेड १५०चा रंगीत पत्रा पुरतो. पत्र्याचं हमीपत्र घेताना समुद्रापासूनच्या अंतराची अट कुठे लिहिली आहे ते आधी शोधा, ती असतेच.

एझेड १५० म्हणजे एका चौरस मीटरवर दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅम थर. जाडीत बोलायचं तर प्रत्येक बाजूला सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. आयुष्य त्या थरावर अवलंबून असताना फिटर ग्राइंडरने पत्रा कापतो तेव्हा काय होतं, याचा अंदाज यावा. ठिणग्या रंगात रुततात आणि कडेचा थर जळून जातो. आठवड्यात पत्र्यावर तांबड्या ठिपक्यांची पुरळ दिसते, ती त्या ठिणग्यांचीच. कापायला हातकात्री किंवा निब्लर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) वापरायला सांगा. ड्रिलचा चुरा त्याच दिवशी संध्याकाळी मऊ झाडूने झाडून घ्या, ‘उद्या बघू’ म्हटलं की दवात तो गंजतो.

गॅल्व्हल्यूमचे आणखी काही शत्रू घरातलेच असतात. ओलं सिमेंट आणि चुना ॲल्युमिनियमला खातात, म्हणून भिंतीला पत्रा टेकतो तिथे गवंड्याने नुसता मसाला थापू नये. फ्लॅशिंग, म्हणजे सांधा झाकणारी वाकवलेली पट्टी, लावून वर सीलंट भरावं. एसीची तांब्याची नळी पत्र्यावर टाकून ठेवली तर तिच्यावरून ठिबकणारं पाणी पत्र्याला भोक पाडतं. पोलादी रंगीत पत्र्याला स्टेनलेस स्क्रूही लावू नयेत. ‘स्टेनलेस म्हणजे भारी’ वाटतं, पण खाऱ्या ओलीत दोन धातूंची जोडी जुळते आणि स्क्रूभोवतीचा पत्रा आधी जातो. त्याला जाड जस्ताचा किंवा ॲल्युमिनियम-जस्ताचा थर दिलेले स्क्रूच योग्य. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला मात्र स्टेनलेस स्क्रू आणि ईपीडीएम रबराचे वॉशर चालतात. तो पत्रा लोखंडी परलिनवर बसतो तिथे मध्ये रबरी पट्टी हवी.

डांबरी पत्रा गंजत नाही हे खरं. त्याचे खिळे गंजतात, आणि ती बाजू जाहिरातीत नसते. किनाऱ्यावर खिळे किंवा स्क्रू स्टेनलेसचे घ्या आणि त्यांच्या डोक्यावरची टोपी नीट बंद झाली का ते पाहा. डांबरावरून येणारं पाणी जस्ताला झोंबतं. उन्हाने डांबराच्या पृष्ठभागावर आम्ल तयार होतं आणि पहिल्या सरीबरोबर ते खाली येतं. म्हणून डांबरी छपराच्या वळचणीला जीआयची पाण्याची पन्हळ लावू नका, पीव्हीसीची लावा. छपराचं पाणी विहिरीत किंवा टाकीत सोडत असाल तर पहिल्या काही पावसांचं तपकिरी पाणी वाहू द्या.

ऊन, आवाज आणि घाम

पावसाचा आवाज हा डांबरी पत्र्याचा सगळ्यात मोठा गुण. जुलैच्या रात्री धातूच्या छपराखाली फोनवर बोलता येत नाही. डांबरी पत्र्याखाली पाऊस पडतोय एवढं कळतं. छपराखाली झोपायची खोली असेल आणि मध्ये माळा किंवा फॉल्स सीलिंग नसेल, तर हा एक मुद्दा बाकीच्यांना मागे टाकू शकतो.

उष्णतेबद्दल मात्र दावे फुगवलेले असतात. डांबर उष्णतेचं वाईट वाहक आहे हे खरं, पण तीन मिलिमीटर जाडी अडवून अडवून किती अडवणार? गडद तपकिरी डांबरी पत्रा आणि गडद तपकिरी धातूचा पत्रा, दोन्ही मे महिन्यात तापतातच. फिक्कट रंगाचा धातूचा पत्रा गडद डांबरीपेक्षा गार राहू शकतो. डांबरीत मुळात फिक्के रंग फारसे मिळत नाहीत आणि जे असतात ते काही वर्षांत उडून आतलं काळं डोकावू लागतं. गारवा हवा असेल तर पत्र्याच्या जातीपेक्षा रंग, आढ्याजवळ हवा बाहेर जायची फट आणि खाली इन्सुलेशन यांवर पैसे घाला. बबल फॉइल (हवेच्या बुडबुड्यांचा चकचकीत पडदा) लावणार असाल तर पत्रा आणि फॉइल यांमध्ये निदान दोन सेंटिमीटर हवेची पोकळी ठेवा. पत्र्याला चिकटवलं की फॉइलचा चकचकीतपणा कामाचा राहत नाही. बजेट असेल तर ५० मिलिमीटरचं पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेला तक्ता) ऊन आणि आवाज दोन्ही सोडवतं.

घामाकडे लोक दुर्लक्ष करतात. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत, निरभ्र रात्री धातूचा पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही गार होतो आणि खालच्या बाजूला दव धरतं. पहाटे थेंब पडतात. मोकळ्या पडवीत चालून जातं. सुपारी, काजू किंवा कपडे वाळवायच्या जागेत नाही. डांबरी पत्र्याला हा त्रास फारच कमी होतो.

वारा आणि खिळे

इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानक ८७५च्या तिसऱ्या भागात पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. एवढ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ९० किलो होतो. आपल्या पडवीचं क्षेत्रफळ ३३ चौरस मीटर. ढोबळमानाने तीन टन ओढ, आणि छपराचं स्वतःचं वजन दीडशे किलो. तीन बाजूंनी उघड्या पडवीत वारा खालूनही शिरतो, आणि कडांना व कोपऱ्यांना ओढ मधल्यापेक्षा बरीच जास्त असते. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याजवळून गेलं तेव्हा अशा छपरांचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं.

कौलं काढून पत्रे घालताना हीच गोष्ट राहून जाते. पूर्वी कौलांचं वजनच वासे भिंतीवर दाबून धरत होतं. ते वजन काढून चौरस मीटरला चार-पाच किलोचा पत्रा घातला की वासे भिंतीला बांधावे लागतात: एम एस फ्लॅटची, म्हणजे साध्या पोलादाची चपटी पट्टी, भिंतीत निदान दोन थर खाली अँकर, दर दुसऱ्या वाशाला. नाहीतर पत्रा वाशांना घट्ट राहतो आणि वाशांसकट उडतो.

डांबरी पत्र्याला २० खिळे सांगतात ती दुकानाची युक्ती नाही. वळचणीला, जोडावर आणि पत्र्याच्या वरच्या कडेला प्रत्येक पन्हळीवर खिळा; मधल्या रीपांवर एकाआड एक. फिटर घाईत आठ-दहांवर आवरतो. मोजून घ्या. आपल्या पडवीला ४४० खिळे लागतात, ५०० आणा.

खिळा नेहमी पन्हळीच्या माथ्यावर. तो सुमारे ७० मिलिमीटर लांब असतो. त्यातले ३८ पन्हळीच्या उंचीत आणि ३ पत्र्याच्या जाडीत जातात. लाकडात शिरायला उरतात जेमतेम २९. आता जुन्या घराची कौलाची रीप बघा: बहुधा दोन इंच रुंद, एक इंच जाड. खिळ्याचं टोक खालून बाहेर येतं आणि पकड २५ मिलिमीटरवर थांबते. मध्यभागी ठीक. वळचण, आढं आणि दोन्ही टोकांच्या रीपा मात्र दोन बाय दोन इंचाच्या नव्या घाला किंवा त्या ओळींना स्क्रू वापरा. ठोकताना टोपी पत्र्याला टेकली की थांबायचं. आणखी एक घाव घातला की पन्हळ चेपते, त्या खळग्यात पाणी थांबतं आणि खिळ्याच्या कडेने आत उतरतं. लोखंडी बॉक्स पाइपवर लावताना हीच चूक जास्त होते, कारण ड्रिलला थांबायचं कळत नाही.

पत्रा लवचिक असल्याने रुंदीला ताणला जातो. पहिल्या पत्र्याला अर्धा सेंटिमीटर ताण बसला तर दहाव्यापर्यंत ओळ तिरकी झालेली असते. वळचणीला दोरी बांधा, आधी पत्र्याची दोन्ही टोकं खिळा आणि मग मधलं. कापायला साधी करवत चालते, पात्याला तेल लावा, नाहीतर डांबर चिकटून ती अडकते. वळचणीबाहेर ७ सेंटिमीटरपेक्षा जास्त सोडू नका, उन्हात ती कड वाकते. वरची ओळ अर्ध्या पत्र्याने सुरू करायचं कारण असं की चार कोपरे एकाच जागी आले तर चार थरांचा उंचवटा होतो आणि तिथे फट राहते.

काम कुठून सुरू करायचं? आपल्याकडे पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. दक्षिणेला किंवा उत्तरेला उतरणाऱ्या पाख्यावर पूर्वेच्या टोकापासून पश्चिमेकडे पत्रे लावत जा, म्हणजे चढवलेल्या कडेचं तोंड पूर्वेला, वाऱ्याच्या आडोशाला राहतं. हा नियम दोन्ही पत्र्यांना लागू.

धातूच्या पत्र्याला प्रत्येक परलिनवर चार स्क्रू, शिवाय शेजारच्या जोडावर दर अर्ध्या मीटरला एक छोटा स्क्रू. पडवीला मिळून २००. यातला वॉशर सगळ्यांत महत्त्वाचा. ईपीडीएमचा वॉशर बरोबर आवळला तर धातूच्या टोपीच्या कडेला रबर नुसतं दिसू लागतं. बाहेर फुगून आलं तर जास्त आवळलं. ते उन्हात चिरतं आणि गळती सुरू होते. हलकं पीव्हीसी वॉशर तर काही उन्हाळ्यांतच कडक होतं. इम्पॅक्ट ड्रायव्हरऐवजी क्लच असलेला ड्रिल वापरा.

पत्रा लांब असेल तर त्याच्या फुगण्याचाही विचार करा. ६ मीटरचा पोलादी पत्रा ४० अंश तापमानफरकाने ३ मिलिमीटर वाढतो, ॲल्युमिनियमचा साडेपाच. ॲल्युमिनियमला म्हणूनच भोक थोडं मोठं पाडून मोठं वॉशर देतात. दुपारी छपरातून ‘टक्‌ टक्‌’ ऐकू येतं ते हेच.

कुठे काय घालू नये

डांबरी पत्रा जळतो. फेणीच्या भाटीवर, लाकडाच्या चुलीवर, तंदूर असलेल्या हॉटेलच्या स्वयंपाकघरावर तो नको. वायरींचे जुडगे त्याला टेकवून नेऊ नका. नरकासुराच्या रात्री फटाक्यांचे बाण पडण्याइतकी शेजारची मोकळी जागा जवळ असेल तर हेही मनात असू द्या.

गोठ्यावर उलट. शेण-मुताचा अमोनिया आणि ओल धातूच्या पत्र्याला खालून खातात आणि पत्र्याची हमीही तिथे बहुधा लागू होत नाही. गोठ्याला डांबरी पत्रा चांगला, फक्त गवताच्या गंजीजवळ आग येऊ देऊ नका.

माडाखाली दोन्हीची परीक्षा होते. नारळ पडला की धातूला पोचा येतो, डांबरीला चीर किंवा भोक पडतं. मे महिन्यात मऊ झालेल्या पत्र्यावर वानर दोन रीपांच्या मध्ये उडी मारतं तेव्हाही तेच. फणस-आंब्याच्या सावलीत डांबरी पत्र्यावर शेवाळ लवकर धरतं. पाणी गळत नाही, पण पाला अडकून जोडावर बांध तयार होतो. दर पावसाळ्याआधी नायलॉनच्या ब्रशने झाडा, प्रेशर पंप मारू नका, रंग निघतो. झाडायला चढलात तर सकाळी लवकर, आणि पाय रीपेच्या ओळीवर.

हंगामी शॅकवाल्यांनी डांबरी पत्र्याच्या फंदात पडू नये. दर जूनला काढायचा आणि ऑक्टोबरला पुन्हा लावायचा पत्रा खिळ्यांच्या भोकांनी चाळणी होतो.

जुने सिमेंटचे पत्रे काढणार असाल तर एक इशारा: त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते फोडू नका, कोरडे कापू नका. पाणी मारून, मास्क लावून अख्खे उतरवा.

तिसरा मार्ग: कौलांखाली

कौलं आवडतात, फक्त गळती नको, अशांसाठी डांबरी पत्रा कौलांच्या खाली घालता येतो. वाशांवर रीपा, रीपांवर पत्रा, पत्र्याच्या माथ्यावर पुन्हा रीपा आणि त्यावर कौलं. पत्रा उन्हापासून झाकलेला असल्याने त्याचा सगळ्यात मोठा शत्रू, म्हणजे तापून मऊ होणं, जवळपास निघून जातो. एखादं कौल माकडाने फोडलं तरी पाणी पन्हळीतून वळचणीला जातं. कौलांचं वजन राहतं, म्हणून वासे वाऱ्याला घट्ट राहतात. मंगळुरी कौलाच्या रीपा ३०-३२ सेंटिमीटरवर असतात, ६१च्या निम्म्या, म्हणून आधाराचा प्रश्नच नाही. छपराची उंची मात्र काही सेंटिमीटरांनी वाढते, तेव्हा वळचणीची फळी आणि पाण्याची पन्हळ पुन्हा बसवावी लागते. खर्च जास्त आहे. जुन्या, चांगल्या वाशांच्या घरासाठी आमच्या मते हा खर्च सार्थकी लागतो. पणजीच्या फोन्ताइन्हाससारख्या संवर्धन क्षेत्रात घर असेल तर बाहेरून कौलारू दिसणं तसंही महत्त्वाचं. छपराचा प्रकार बदलण्याआधी पंचायत किंवा पालिकेत विचारून घ्या, स्लॅबवर नवं छप्पर उभारत असाल तर नक्कीच.

कोटेशनवर काय हवं

धातूच्या पत्र्याच्या कोटेशनवर नुसतं ‘०.५०’ चालत नाही. ती बहुतेक वेळा थरासह एकूण जाडी असते, आतलं पोलाद ०.४५च्या आसपास भरतं. बीएमटी, म्हणजे मूळ पोलादाची जाडी, वेगळी लिहून घ्या. त्याशिवाय थर (एझेड १५०), रंगाचा प्रकार, स्क्रूच्या लेपाचा प्रकार, वॉशर ईपीडीएम. पत्रे आल्यावर मागची बाजू पाहा, नावाजलेल्या कारखान्यांच्या पत्र्यावर जाडी आणि थर छापलेला असतो. छापील ओळच नसेल तर तिथेच विचारा, ट्रक रिकामा होण्याआधी.

डांबरीच्या कोटेशनवर पत्र्यांची संख्या (चौरस फूट नको), रीपांमधलं अंतर सेंटिमीटरमध्ये, पत्र्यामागे खिळे २०, रिजचे तुकडे आणि त्यांचा चढ १२.५ सेंटिमीटर. हमीपत्रात पाण्याची हमी आणि रंगाची हमी वेगवेगळ्या असतात, दोन्ही वाचा.

दोन्ही बाबतींत एक-दोन पत्रे आणि मूठभर खिळे-स्क्रू जास्त आणून ठेवा. पाच वर्षांनी तीच पन्हळ आणि तोच रंग मिळेल याची खात्री नसते. डांबरी पत्रे सावलीत, सपाट, जमिनीपासून उचलून ठेवा. भिंतीला उभे टेकवलेत तर पुढच्या मे महिन्यापर्यंत ते धनुष्यासारखे वाकलेले असतील.